पिंजरा, पांजरापोळ आणि अभयदान

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वर्धा येथे आयोजित व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लिखित पाठ)



आपल्या संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याचा आनंद आज प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. या काळात संस्थेने विद्यार्थ्यांना हात दिला, रुग्णांना औषधे दिली, उन्हाळ्यात पाणपोया चालविल्या, पक्ष्यांसाठी दाणापाण्याची सोय केली. अशा प्रसंगी गौरवाचे शब्द बोलणारे अनेक वक्ते आहेत. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाने मात्र सोहळ्याच्या दिवशीही एखादा प्रश्न समोर ठेवावा, अशी माझी प्रांजळ समजूत आहे. म्हणून विश्वस्तांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले तेव्हा मी त्यांना म्हणालो, ‘मला पिंजऱ्यातल्या पक्ष्यांविषयी बोलू द्या.’

या विषयाचे मूळ माझ्या लहानपणी आहे. आमच्या घरी आजीने पोपट पाळला होता. ओसरीच्या आढ्याला त्याचा पितळी पिंजरा टांगलेला असे. आजी नवकार म्हणू लागली की तो मान वाकडी करून ऐके. त्याला भिजवलेली डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची सारे वेळेवर मिळे. घरातल्या कोणत्याही मुलापेक्षा त्याचे लाड अधिक होते. एका पर्युषणात साध्वीजींच्या प्रवचनात बंधनाचा विषय निघाला. आजी घरी आली, तिने पिंजरा अंगणात आणला आणि दार उघडले. पोपट बराच वेळ आतच बसून राहिला. मग कसाबसा अंगणातल्या लिंबावर जाऊन बसला. आम्ही मुलांनी टाळ्या वाजविल्या. थोड्याच वेळात कावळे जमले. त्याला ना झटकन उडता येत होते, ना लपता येत होते. सायंकाळी तो झाडाखाली मरून पडलेला सापडला. आजीने दुसऱ्या दिवशी उपवास केला. ती एवढेच म्हणाली, ‘कोंडले ते एक पाप झाले, आणि उडणे विसरल्यावर सोडले ते दुसरे.’

बंधुभगिनींनो, पुढे चौतीस वर्षे मी मुलांना जीवशास्त्र शिकविले. पण आजीच्या त्या वाक्यात जेवढा विषय सामावला आहे तेवढा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही. पक्ष्याला कोंडावे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आणि सोडणे हेही नेहमीच पुण्यकर्म असते असे नाही.

शास्त्र काय सांगते

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांत पहिला क्रमांक बंधाचा आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मारणे तर दूरच, नुसते बांधून वा कोंडून ठेवणे हादेखील आपल्या आचार्यांनी दोष मानला. विवाहाच्या भोजनासाठी कोंडून ठेवलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ माघारी वळविला आणि गिरनारची वाट धरली, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. सुमतिनाथ भगवंतांचे लांछनच पक्षी आहे. श्वेतांबर परंपरा क्रौंच मानते, दिगंबर परंपरा चकवा मानते. हा चकवा पाहुणा म्हणून हिवाळ्यात आपल्याकडच्या जलाशयांवरही उतरतो. मेघरथ राजाने कबुतरासाठी स्वतःच्या देहाचे मांस देऊ केल्याची कथाही आपणांस ठाऊक आहे. पक्षी आणि अभय यांचे नाते आपल्या परंपरेत इतके जुने आहे.

परंतु याच परंपरेने आणखी एक सूक्ष्म विचार केला आहे, तो सहसा सांगितला जात नाही. श्रावकाच्या घरी गाय-वासरू असणार, त्यांना बांधावे लागणार. मग काय करावे? श्रावकाचाराचे विवरण करताना बंधाचे प्रकार सांगितले आहेत. निरर्थक बंध सर्वथा वर्ज्य. सार्थ म्हणजे सकारण बंधाचेही पुन्हा दोन प्रकार. निरपेक्ष बंध म्हणजे निर्दयपणे, घट्ट, हलताही येणार नाही असे बांधणे. सापेक्ष बंध म्हणजे बांधताना त्या जिवाची अपेक्षा, त्याचे हित मनात ठेवणे. दोरी सैल असावी आणि गाठ अशी असावी की घराला आग लागली तर ती चटकन सोडता यावी.

आग लागली तर सोडता येईल अशी गाठ! आजच्या व्याख्यानात मी आपणांस हीच एक कसोटी देणार आहे. प्राणिसंग्रहालय असो, प्रजननकेंद्र असो वा आपला ओसरीवरचा पिंजरा असो. त्याची गाठ कोणत्या प्रकारची आहे, एवढे आपण पाहू.

पाहण्यासाठी कोंडलेले पक्षी

माझ्या पिढीच्या वर्धेकरांनी प्राणिसंग्रहालय प्रथम पाहिले ते नागपूरच्या महाराजबागेत. १८९४ सालापासून तेथे प्राणिसंग्रह आहे. शाळेची सहल निघाली की महाराजबाग ठरलेलीच. मोर, पोपट, रंगीत कोंबडे पाहून आम्ही हरखून जात असू. आता नागपूरला गोरेवाड्याचे मोठे प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतील एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. उरलेल्यांना पुढे पिल्लेही झाली. पेरू आणि चिलीच्या थंड सागरकिनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईत वातानुकूलित काचगृहात राहतो आणि त्याला पाहायला रांगा लागतात.

मुलांना जिवंत पक्षी पाहून आनंद होतो, त्यांच्या मनात प्रेम निर्माण होते, हा युक्तिवाद मी शिक्षक म्हणून नाकारणार नाही. पण निव्वळ अपूर्वाई दाखविण्यासाठी कोंडल्याने कोणतीही पक्षिजात वाचत नाही, याची साक्ष इतिहास देतो. उत्तर अमेरिकेत कोट्यवधींच्या थव्यांनी उडणारे प्रवासी कबूतर माणसाने शिकार करून संपविले. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. आपल्याच देशाचे उदाहरण गुलाबी डोक्याच्या बदकाचे आहे. बंगाल-बिहारच्या पाणथळ रानांतील हा सुंदर पक्षी. त्याच्या अपूर्वाईमुळे काही पक्षी इंग्लंडमध्ये एका श्रीमंत संग्राहकाच्या उद्यानात नेऊन ठेवले होते. खाणेपिणे उत्तम, निगा उत्तम. पण तेथे त्यांची वीण झाली नाही. इकडे रानातले पक्षी संपले, तिकडे उद्यानातले म्हातारे होऊन मेले. १९३५ नंतर भारतात त्याची खात्रीलायक नोंद नाही. त्या उद्यानाची गाठ सैल होती, रेशमी होती. परंतु सोडण्यासाठी बांधलेली नव्हती.

भारत सरकारनेही हा विचार उशिरा का होईना, पण केला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. मान्यता नसताना प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने वन्यजीवांच्या संवर्धनाला हातभार लावणे हे प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट ठरविले. कागदावर तरी पिंजऱ्याला आता कारण द्यावे लागते.

माळढोकाची कथा

आता मी ज्या पक्ष्यासाठी मुख्यतः हा विषय घेतला त्याच्याकडे वळतो. तो म्हणजे माळढोक.

सुमारे मीटरभर उंच, नर पंधरा किलोंपर्यंत वजनाचा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची वेळ आली तेव्हा डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचविले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हे पक्षी आहेत, याकडे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. लोकांची गैरसोय झाली, रोष वाढला आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. विदर्भातही हा पक्षी होता. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या वरोरा-भद्रावती भागात अलीकडच्या काळापर्यंत मोजके माळढोक दिसत असत. म्हणजे आपल्या दारातलाच हा पाहुणा.

तो का संपला? शिकार हे एक कारण. दुसरे, माळाला आपण ‘पडीक जमीन’ म्हणू लागलो. कोठे नांगर फिरला, कोठे कारखाने आले, आणि कोठे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल, झाडे लावल्याने माळ संपला. नान्नजलाच गिरिपुष्पाची लागवड माळावर झाली आणि उघड्या रानात वावरणाऱ्या माळढोकाला ती अडचणीची ठरली. तिसरे कारण विजेच्या तारा. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, देह जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही. तो तारांवर आदळून मरतो. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, कोल्हे, कावळे यांतून ते वाचले तर वंश पुढे जाणार. अशा पक्ष्याची हानी लवकर भरून येत नाही. आज संपूर्ण देशात रानात उरलेले माळढोक दीडशेहून कमी मानले जातात. बहुतेक सारे राजस्थानात जैसलमेरकडे. आपल्याकडे एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

अशा वेळी काय करावे? २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थानचा वनविभाग आणि केंद्र सरकार यांनी जैसलमेरजवळ सम येथे एक केंद्र सुरू केले. रानातील माळढोकांची काही अंडी उचलून आणली, ती उबवणयंत्रात उबविली आणि पिल्ले माणसांनी वाढविली. पुढे रामदेवरा येथेही केंद्र झाले. या पक्ष्यांना तेथेच पिल्लेही होऊ लागली. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनाने माळढोकाचे पिल्लू जन्मास आले. दोन्ही केंद्रांतील पक्ष्यांची संख्या पन्नासाच्या पुढे गेली आहे.

मी हे प्रथम वाचले तेव्हा माझे मन विरोधात गेले. रानातल्या आईच्या पोटाखालून अंडे काढायचे? ते पिल्लू जन्मभर जाळीत ठेवायचे? नेमिनाथांचे नाव घेणाऱ्याने याला संमती कशी द्यावी? पण शांतपणे विचार केला तेव्हा आजीच्या बोलण्यातील दुसरी बाजू पुढे आली. घराला आग लागलेली आहे. आग लागलेल्या घरातून वासरू बाहेर काढून शेजारच्या गोठ्यात बांधले, तर त्याला आपण बंध म्हणू की अभय?

अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डॉर नावाचे प्रचंड गिधाड आहे. १९८७ साली रानात उरलेला शेवटचा पक्षीही पकडण्यात आला. साऱ्या जगात तेव्हा केवळ सत्तावीस कॉन्डॉर होते आणि ते सारे बंदिस्त होते. लोकांनी तेव्हाही विरोध केला. पाच वर्षांनी, १९९२ पासून, त्यांना पुन्हा आकाशात सोडण्यास प्रारंभ झाला. आज त्यांची संख्या पाचशेच्या पुढे असून त्यांतील निम्म्याहून अधिक मुक्त आहेत. त्या गाठीचे दुसरे टोक सोडण्यासाठी हातात धरून ठेवलेले होते.

माळढोकाच्या बाबतीत मात्र खरी परीक्षा अजून पुढे आहे. माणसाच्या हाती वाढलेल्या पिल्लाला माणूसच आपला वाटू लागतो. शत्रू कोण, लपावे कसे हे त्याला कोण शिकविणार? आमच्या पोपटाचे जे झाले ते त्याचे होऊ नये. आणि त्याला सोडायचे कोठे? तारा तशाच असतील, माळ नांगरलेलाच असेल, तर ते केंद्र पांजरापोळ होऊन बसेल. पांजरापोळ या शब्दातच पिंजरा आहे. आपल्या पूर्वजांनी ती म्हाताऱ्या, अपंग, निराधार जिवांसाठी काढली. एका संपूर्ण धडधाकट जातीला कायमचे पांजरापोळीत ठेवणे हा आपल्या जीवदयेचा विजय म्हणता येणार नाही.

गिधाडे आणि आपल्या गोशाळा

दुसरे उदाहरण आपल्या संस्थेच्या अधिक जवळचे आहे. आपल्या लहानपणी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की आभाळ गिधाडांनी भरून जाई. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरात एकही उरली नाही. आरंभी कारण कळेना. २००४ साली ते स्पष्ट झाले. गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसात राहते. ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

बंधुभगिनींनो, यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. म्हाताऱ्या गाईचे दुखणे कमी व्हावे म्हणून दिलेले ते औषध होते. दयेने दिलेल्या औषधातून एवढी हिंसा घडली. अजाणतेपणी झालेल्या हिंसेचेही आपण प्रतिक्रमण करतो. हे तिचे मोठे उदाहरण आहे.

हरियाणात पिंजोर येथे राज्याचा वनविभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी गिधाडांचे प्रजननकेंद्र उभे केले. गिधाडेही बहुधा वर्षाला एकच अंडे घालतात. पण वीस वर्षांच्या चिकाटीला फळ आले. त्या केंद्रातील वीस गिधाडे २०२४ च्या जानेवारीत आपल्या विदर्भात आणली गेली; दहा पेंच प्रकल्पात आणि दहा ताडोब्यात. काही महिने मोठ्या जाळीघरात ठेवून, परिसराची सवय करून, पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी लहान यंत्रे बांधून त्यांना मोकळे सोडण्यात आले. काही पक्षी दगावले. एक मात्र ताडोब्याहून निघून राज्ये ओलांडत तामिळनाडूपर्यंत पोहोचले. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याने एवढे आकाश आपलेसे केले, हे वाचले त्या दिवशी मला आजीची फार आठवण झाली.

येथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गिधाडांना मांस द्यावे लागते. माळढोकाच्या पिल्लांना कीटक लागतात. एक जीव वाचविण्यासाठी दुसरे जीव खर्ची पडतात. अशा केंद्राला जैन संस्थेने दान द्यावे का? दिल्लीला लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचे प्रसिद्ध पक्षी रुग्णालय आहे. तेथील परिपाठ विचार करण्याजोगा आहे. शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत. आणि बरा झालेला पक्षी ज्याने पिंजऱ्यातून आणला त्याला परत देत नाहीत, मोकळा सोडतात. कोणी यात विसंगती पाहील; मला त्यात आपली मर्यादा ओळखून शक्य तेवढे करण्याचा विवेक दिसतो. प्रजननकेंद्राचा खर्च आपण उचलावा असा आग्रह मी धरणार नाही. परंतु त्या पक्ष्यांना सोडण्यासाठी आकाश आणि माळ सुरक्षित करणे, यात तर आपल्या कोणत्याही व्रताला बाधा येत नाही!

विकत घेतलेले पुण्य

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी.

महावीर जयंती, पर्युषण, कोणाचे पुण्यस्मरण अशा निमित्तांनी पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा आपल्यात आहे. मुनिया, पोपट, कधी तितर. मी स्वतः तरुणपणी असे पक्षी सोडले आहेत आणि त्यांची छायाचित्रेही काढून घेतली आहेत. पण त्यामागचा व्यवहार पाहा. आपण मागणी करतो म्हणून कोणीतरी आठवडाभर आधी जाळे लावतो. पकडताना, कोंबून आणताना त्यांतील कितीतरी पक्षी मरतात. काहींचे पंख कापलेले असतात, काही अर्धमेले असतात. आपण दहा पक्षी सोडतो तेव्हा आणखी पकडण्यासाठी पैसे देतो. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानतात. काही ठिकाणी त्याला आधीच पकडून, पाय बांधून, दारोदार दर्शनासाठी फिरवितात. हाच तो नीलपंख, ज्याला २०१८ साली वर्धेकरांनी मतदान घेऊन आपल्या शहराचा पक्षी म्हणून निवडले.

देशी रानपक्ष्यांचा व्यापार १९९१ पासून पूर्णपणे बंद आहे. विकणे हा गुन्हा, तसाच विकत घेणे हाही. घरात पोपट पाळणेही कायद्याला मान्य नाही. पण मी कायद्याचे भय घालण्यासाठी हे सांगत नाही. बोली लावून विकत घेतलेले अभय हे अभयदान होत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. अकोला-वाशीमकडे ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या फास होते, त्या फासेपारधी समाजातील काही बांधवांनी गवताळ माळ राखण्याचे, तेथील पक्षी जपण्याचे काम अंगावर घेतले आहे. पक्षी विकत घेण्यासाठी आपण जे पैसे देतो ते अशा कामाला दिले, तर फास लावणारा हातच राखणदाराचा हात होईल. याहून मोठे अभयदान कोणते?

संस्थेपुढे काही सूचना

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी विश्वस्तांसमोर चार गोष्टी नम्रपणे ठेवतो.

पहिली, ज्या गोशाळांना व पांजरापोळींना आपण साहाय्य करतो, त्यांच्या औषधांच्या कपाटाकडे एकदा पाहावे. डायक्लोफिनॅक तर नकोच. जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवर २०२३ साली आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली आहे. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही औषधे गिधाडांना बाधत नाहीत असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. पशुवैद्यांना विचारून तेच वापरावे. यास वेगळा खर्चही नाही.

दुसरी, पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा संस्थेने ठरावाने बंद करावी.

तिसरी, जखमी पक्षी आढळल्यास घरी पिंजऱ्यात ठेवू नये. त्याला खोक्यात अंधारात, शांत ठेवावे, तोंडात बळेच पाणी घालू नये आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आपल्या शहराजवळ पिपरी (मेघे) येथे करुणाश्रम आहे; तेथे जखमी वन्यजीवांवर उपचार होतात. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आपल्या एकाही घरात येऊ नये, एवढे तर आपल्या हातचे आहे.

चौथी, वृक्षारोपण करताना जागा पाहावी. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातील गवताळ रानांनी गवळाऊसारखी देखणी गोजात घडविली. त्या गवतात लावे, चंडोल, तितर अंडी घालतात. तो माळ उजाड नाही. शहरात, शाळेत, रस्त्याकडेला झाडे अवश्य लावावीत. पण माळाला माळच राहू द्यावे.

समारोप

मित्रांनो, मी पिंजऱ्याचा समर्थक म्हणून येथे उभा राहिलो नाही आणि सरसकट विरोधक म्हणूनही नाही. आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी कोंडलेला पक्षी हा निरर्थक बंध आहे. तो ओसरीवर असो वा संग्रहालयात. कारण आहे, पण परत सोडण्याचा विचारच नाही, तो निरपेक्ष बंध. आणि आग विझेपर्यंत सांभाळण्यासाठी, गाठीवर हात ठेवून बांधलेला, तो सापेक्ष बंध. जैसलमेरच्या जाळीत आज जे माळढोक आहेत त्यांची गाठ कोणत्या प्रकारची ठरेल, हे तेथील शास्त्रज्ञांच्या कौशल्यावर जितके अवलंबून आहे तितकेच आपण सारे मिळून ही आग विझवितो की नाही यावरही आहे. ज्या वरोऱ्याच्या माळावरून तो नाहीसा झाला, तेथे आपली नातवंडे त्याला पुन्हा पाहतील किंवा पाहणार नाहीत. ते पाहावेत असे मला मनापासून वाटते.

माझ्या आजीला मरेपर्यंत त्या पोपटाची खंत होती. तिच्या वतीने आणि माझ्या तरुणपणीच्या त्या छायाचित्रांबद्दल मी आज त्या सर्व पक्ष्यांची क्षमा मागतो. माझ्या बोलण्यात शास्त्राच्या विपरीत काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.